पहिला डोस किती द्यायचा? टीजीएन१४१२ आणि सीडी२८ सिग्नलचं प्रकरण

हेच प्रकरण का

सेल सिग्नलिंगवर बेतलेली बायोलॉजिकल औषधं शिकवताना बहुतेक ठिकाणी यशाच्याच गोष्टी सांगतात. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये हर२ अडवणारी अँटीबॉडी (म्हणजे एका ठराविक जागी जाऊन चिकटणारं प्रोटीन), संधिवातात टीएनएफ अडवणारी, कॅन्सरमध्ये पीडी-१ वाली. त्या सांगायलाच हव्यात. पण या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक पोराने आणि पोरीने त्याआधी टीजीएन१४१२ चं, म्हणजे टी सेलला जागं करणारी एक अँटीबॉडी २००६ मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा माणसांना दिली त्या चाचणीचं, प्रकरण नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण यात कोणी लबाडी केली नव्हती, औषध भेसळीचं नव्हतं, परवानग्या सगळ्या होत्या, आणि तरीही सहा निरोगी माणसं मरता मरता वाचली. गडबड झाली ती एका गणितात, आणि ते गणित आपण खाली करून बघणार आहोत.

त्या सहा जणांपैकी काहींची नावं तेव्हा ब्रिटिश पेपरांत आली होती. मी इथे एकही नाव घेणार नाही, स्वयंसेवक एवढंच म्हणेन. चाचणी घेणाऱ्या कंत्राटी संस्थेचंही नाव लिहीत नाही, त्या नावाने शिकण्यात काही भर पडत नाही.

पार्श्वभूमी: टी सेलला दोन सिग्नल लागतात

आपल्या प्रतिकारशक्तीतला टी सेल सहजासहजी चिडत नाही, आणि ते बरंच आहे. बँकेचा लॉकर उघडायला एक किल्ली तुमची आणि एक बँकेची लागते ना, तसं आहे हे. पहिला सिग्नल टी सेल रिसेप्टरमधून येतो (रिसेप्टर म्हणजे सेलच्या पृष्ठभागावरचं, सिग्नल घेणारं प्रोटीन), म्हणजे समोरच्या सेलने एखाद्या जंतूचा तुकडा दाखवला आणि तो या टी सेलने ओळखला. दुसरा सिग्नल सीडी२८ नावाच्या रिसेप्टरमधून येतो, समोरच्या सेलवर सीडी८० किंवा सीडी८६ असेल आणि ते सीडी२८ ला येऊन लागलं तरच. दोन्ही मिळाले की आत पीआय३-कायनेज, एकेटी, एनएफ-कप्पा-बी असे मार्ग चालू होतात, टी सेल इंटरल्युकिन-२ हे वाढीचा निरोप देणारं प्रोटीन बनवायला लागतो, वाढतो, कामाला लागतो. नुसता पहिला सिग्नल मिळाला तर बऱ्याचदा तो सेल गप्प बसतो.

आता औषध बनवणाऱ्याच्या नजरेने बघा. दुसरा सिग्नल अडवला तर ऑटोइम्युन आजारात, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तेव्हा, टी सेल थंड करता येतील. हे खरंच झालंय, अॅबाटासेप्ट नावाचं प्रोटीन सीडी८० आणि सीडी८६ ला जाऊन बसतं, सीडी२८ पर्यंत काही पोचूच देत नाही, आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी त्याला अमेरिकेत डिसेंबर २००५ मध्ये मंजुरी मिळाली. आपलं प्रकरण घडायच्या जेमतेम तीन महिने आधी.

जर्मनीत वुर्झबुर्ग विद्यापीठात थॉमस ह्यूनिग यांच्या गटाला मात्र वेगळंच काही दिसलं होतं. सीडी२८ ला चिकटणाऱ्या अँटीबॉडी बऱ्याच होत्या, पण त्यातल्या काही मोजक्या अँटीबॉडी रिसेप्टरच्या एका ठराविक बाजूच्या वळणाला पकडायच्या आणि त्या लागल्या की पहिल्या सिग्नलची गरजच उरायची नाही, टी सेल थेट चालू! यांना सुपरअॅगोनिस्ट म्हणतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण उंदरांच्या मोठ्या जातीत म्हणजे रॅटमध्ये दिली तेव्हा उलटंच झालं. भडकण्याऐवजी रेग्युलेटरी टी सेल, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवरणारे सेल, खूप वाढले, आणि सांध्यांच्या आजाराची नक्कल केलेल्या रॅटमध्ये आजार कमी झाला. वाढवायचे तेच नेमके वाढत होते. ही कल्पना सुंदर होती, असं मी आजही म्हणतो.

त्यातून टेजेनेरो नावाची छोटी कंपनी उभी राहिली आणि माणसासाठी अँटीबॉडी तयार झाली, टीजीएन१४१२. ह्युमनाइज्ड, म्हणजे मूळ उंदराची पण बहुतेक भाग माणसाचा करून घेतलेला, आणि आयजीजी४ प्रकारची, कारण या प्रकाराची शेपटी बाकीच्या प्रतिकारशक्तीला फारशी हाक मारत नाही असं मानलं जातं. डोळ्यासमोर आजार दोन होते, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आणि बी सेलचा क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया.

अडचण नेमकी कुठे होती

सिग्नल अडवणारं औषध आणि सिग्नल चालू करणारं औषध यांचा डोस एकाच पद्धतीने ठरवता येत नाही. हे वाक्य वाचायला सोपं आहे पण २००६ साली ते नियमावलीत कुठे नव्हतं.

अडवायचं असेल तर जवळजवळ सगळे रिसेप्टर सतत झाकून ठेवावे लागतात, दहा टक्के मोकळे राहिले तरी सिग्नल झिरपतो, म्हणून असल्या औषधाचा पहिला डोस थोडा कमी पडला तर काही होत नाही आणि जास्त झाला तरी सहसा एकदम घात होत नाही. चालू करणाऱ्या औषधाचं तसं नसतं, तिथे थोडेसेच रिसेप्टर पकडले तरी आतली साखळी पूर्ण जोरात धावू शकते, कारण सेलच्या आत प्रत्येक पायरीवर सिग्नल मोठा होत जातो. त्यात हे औषध पहिल्या सिग्नलची अटच काढून टाकणारं. म्हणजे शरीरातला एखादाच जंतू ओळखणारे टी सेल जागे होणार असं नाही, ज्याच्यावर सीडी२८ आहे असा कुठलाही टी सेल जागा होऊ शकतो.

याचा थोडा अंदाज तेव्हाही होता बरं का. टी सेलवरच्याच सीडी३ ला चिकटणारी ओकेटी३ ही अँटीबॉडी १९८६ पासून किडनी ट्रान्सप्लांटमध्ये वापरात होती आणि पहिल्या डोसला ताप, थंडी, बीपी पडणं, सायटोकाइन (सेल एकमेकांना भडकवायला किंवा आवरायला सोडतात ती प्रोटीनं) सुटणं हे डॉक्टरांना माहीत होतं. टी सेलला बाहेरून हात लावला की काय होऊ शकतं याचा वीस वर्षांचा अनुभव हाताशी होता.

समोर असलेले पर्याय

इथे जरा थांबून बघायला हवं, कारण नंतर वाचताना सगळं उघड वाटतं, पण त्या टेबलावर बसलेल्यांसमोर काय होतं ते पाहूया.

प्राणी कोणता निवडायचा? माणसाचा सीडी२८ आणि मकाक माकडाचा सीडी२८, बाहेरच्या भागात जवळपास सारखेच. टीजीएन१४१२ माकडाच्या सीडी२८ ला चिकटत होतं. त्यामुळे मकाक हा योग्य प्राणी ठरला, आणि त्या काळच्या नियमांनी हे बरोबरच होतं. माकडांना आठवड्याला एक असे चार आठवडे, किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत डोस दिले, काही सायटोकाइन थोडे वाढले पण माकडं ठीक होती. माणसाच्या रक्तातले सेल घेऊन त्यात औषध टाकून बघणं हा दुसरा मार्ग होता, तोही केला गेला, पण औषध नुसतं द्रावणात मिसळून. तसं केल्यावर सेल फारसे भडकले नाहीत. त्यामुळे माकड आणि काचेची नळी दोघांनीही एकच उत्तर दिलं, सुरक्षित आहे.

पहिला डोस कसा ठरवायचा याला दोन रस्ते होते. एक रस्ता त्या वेळी सगळ्यांचा, प्राण्याला ज्या डोसला काही झालं नाही तिथून सुरू करा, शरीराच्या आकाराप्रमाणे माणसाचा डोस काढा, मग दहाने भागा, वाटलं तर अजून भागा. या हिशोबाने माणसासाठी किलोमागे सुमारे १६ मिलिग्रॅम निघाले, ते दहाने भागून १.६, आणि सावधगिरी म्हणून अजून खाली येऊन ०.१ मिलिग्रॅम. माकडाच्या डोसच्या पाचशेवा भाग. कागदावर हा आकडा फारच सावध दिसतो, पाचशे पट कमी म्हटल्यावर कुणाला शंका येणार?

दुसरा रस्ता म्हणजे प्राण्याला काय सोसलं हे बाजूला ठेवून, माणसाच्या रिसेप्टरवर किती औषध बसेल तिथून मागे यायचं. याला आता एमएबीईएल म्हणतात, जीवशास्त्रीय परिणाम दिसायला सुरुवात होईल असा कमीत कमी अंदाजित डोस. हे गणित करायला लागणारी माहिती तेव्हाही होती, तर करूनच बघू. सत्तर किलोच्या माणसाला किलोमागे ०.१ मिलिग्रॅम म्हणजे एकूण ७ मिलिग्रॅम. रक्तातला प्लाझ्मा तीन लिटरच्या आसपास धरा, म्हणजे लिटरला साधारण २.३ मिलिग्रॅम. अँटीबॉडीचं वजन दीड लाख डाल्टन, त्यामुळे रेणूंच्या संख्येच्या हिशोबात हे झालं सुमारे १५ नॅनोमोलर. टीजीएन१४१२ आणि सीडी२८ यांची पकड सुमारे २ नॅनोमोलरची, म्हणजे एवढ्या प्रमाणात औषध असलं की निम्मे रिसेप्टर भरतात. किती रिसेप्टर भरले ते काढायला औषधाचं प्रमाण भागिले प्रमाण अधिक पकड, म्हणजे १५ भागिले १७ करा. उत्तर ९० टक्क्यांच्या जवळ येतं.

म्हणजे ज्या डोसला सगळे अगदी किरकोळ, सुरुवातीचा डोस समजत होते त्या डोसला रक्तातले दहातले नऊ सीडी२८ रिसेप्टर औषधाने भरणार होते. सुपरअॅगोनिस्ट औषधाने. हे गणित एका कागदाच्या मागच्या बाजूला मावतं. आणि उलट बाजूने करून दहा टक्केच रिसेप्टर भरायचे म्हटलं तर किलोमागे ०.००१ मिलिग्रॅमच्या आसपास येतो, म्हणजे प्रत्यक्ष दिलेल्याच्या सुमारे शंभरावा भाग.

तिसरा निर्णय कुणाला द्यायचं याचा, निरोगी माणसांना की रुग्णांना. निरोगी माणसांत आकडे स्वच्छ मिळतात, दुसरा आजार आणि दुसरी औषधं मध्ये येत नाहीत, म्हणून निरोगी निवडले. यावर माझं मत स्पष्ट आहे, ज्या औषधाचा परिणाम होणं हाच धोका आहे आणि तो परत मागे घेता येत नाही, कारण अँटीबॉडी दिली की ती दिवसेंदिवस रक्तात राहते, ते औषध ज्याला काहीच फायदा नाही अशा माणसाला द्यायला फार भक्कम कारण लागतं.

चौथा निर्णय एकामागून एक किती वेळाने द्यायचं. हा सगळ्यात साधा प्रश्न, आणि याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष गेलं असावं असं वाटतं.

काय केलं गेलं

ब्रिटनच्या औषध नियंत्रकाने, म्हणजे एमएचआरएने, आणि एथिक्स कमिटीने परवानगी दिली. चाचणीत आठ आठ जणांचे चार गट ठरले होते, किलोमागे ०.१, मग ०.५, मग २ आणि शेवटी ५ मिलिग्रॅम. स्वयंसेवकांना साधारण २००० पौंड मिळणार होते.

१३ मार्च २००६ च्या सकाळी लंडनमध्ये नॉर्थविक पार्क हॉस्पिटलच्या आवारातल्या स्वतंत्र युनिटमध्ये पहिला गट आला. १९ ते ३४ वयाचे आठ पुरुष, सहांना औषध, दोघांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन. सकाळी आठपासून शिरेतून औषध द्यायला सुरुवात झाली, प्रत्येकाला काही मिनिटांत औषध आत आणि दोन माणसांमध्ये अंतर दहा मिनिटं. आठ माणसं, दहा दहा मिनिटं, म्हणजे सव्वा तासाच्या आत सगळं उरकणार.

आणि लक्षणं सुरू व्हायला सरासरी एक तास लागला. डोकं प्रचंड दुखणं, कंबर धरणं, मळमळ, जुलाब, ताप, अंगाची लाही, बीपी खाली. पहिल्या माणसाला त्रास जाणवायला लागेपर्यंत जवळपास सगळ्यांना औषध गेलेलं होतं. थांबवायला काही उरलंच नव्हतं.

रक्तात आधी टीएनएफ वाढलं, मग इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-१०, इंटरफेरॉन-गॅमा वगैरे सगळे. बारा ते सोळा तासांत सहाच्या सहा गंभीर झाले, फुप्फुसात पाणी, किडन्या बंद पडायला लागल्या, रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडली. चोवीस तासांत रक्तातले लिम्फोसाइट आणि मोनोसाइट (दोन्ही पांढऱ्या सेलचे प्रकार) जवळजवळ गायब, कारण ते पेटून ऊतींमध्ये घुसले होते. ज्या दोघांना प्लासिबो मिळाला त्यांना काहीही झालं नाही, ते त्याच खोलीत हे सगळं बघत होते.

सायटोकाइनच्या अशा पुराला म्हणतात तो सायटोकाइन स्टॉर्म हा शब्द कोविडच्या वेळी आपल्याकडे घरोघरी पोचला, टोसिलिझुमाबचं इंजेक्शन शोधत मुंबई-पुण्यात लोक रात्र रात्र फिरले. २००६ मध्ये नॉर्थविक पार्कच्या डॉक्टरांकडे हा मार्ग नव्हता, इंटरल्युकिन-६ चा रिसेप्टर अडवणारं टोसिलिझुमाब तेव्हा जपानमध्ये कॅसलमन नावाच्या दुर्मिळ आजारासाठी नुकतंच मंजूर झालेलं, युरोपात आलं २००९ ला.

आयसीयूमधले निर्णय

याबद्दल फार कमी बोललं जातं आणि मला वाटतं ते नीट बोलायला हवं, कारण त्या रात्री आयसीयूत जे निर्णय झाले त्याने माणसं वाचली.

डॉक्टरांपुढे एक असा आजार होता ज्याचं पुस्तकात वर्णनच नाही. दिसायला सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शन रक्तात पसरल्यासारखं, पण जंतू कुठेच नाही. वाट बघून जंतूचे रिपोर्ट येऊ द्यायचे, की औषध काय करतं यावर विश्वास ठेवून टी सेल दाबायचे? दुसरा मार्ग घेतला तर आणि खरंच इन्फेक्शन असेल तर रुग्ण जातो. त्यांनी औषधाच्या कामाच्या पद्धतीवर विश्वास ठेवला, मोठ्या डोसमध्ये मिथाइलप्रेडनिसोलोन दिलं आणि इंटरल्युकिन-२ चा रिसेप्टर अडवणारी अँटीबॉडी डॅक्लिझुमाब दिली, शिवाय डायलिसिस, ऑक्सिजन, गरज पडली तिथे व्हेंटिलेटर. म्हणजे एका अँटीबॉडीने चालू केलेला सिग्नल दुसऱ्या अँटीबॉडीने पुढच्या टप्प्यावर अडवायचा प्रयत्न. सहाही जण जगले. दोघांचं शॉक आणि फुप्फुसाचं नुकसान लांबलं, त्यांना अवयवांचा आधार ८ आणि १६ दिवस लागला. एकाच्या हातापायाची काही बोटं गेली.

नंतर काय निघालं

पहिली शंका अर्थातच भेसळीची किंवा चुकीच्या डोसची. ब्रिटन आणि जर्मनी दोन्हीकडे औषध तपासलं, काही सापडलं नाही, डोस ठरलेला होता तोच गेला होता. मग सरकारने प्राध्यापक गॉर्डन डफ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचा गट नेमला, त्यांचा अंतिम अहवाल डिसेंबर २००६ मध्ये आला, २२ शिफारशींसह. टेजेनेरो त्याआधीच, त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली होती.

पण खरं उत्तर प्रयोगशाळेतून आलं आणि त्याला काही वर्षं लागली. ब्रिटनची एनआयबीएससी ही बायोलॉजिकल औषधांच्या प्रमाणीकरणाची संस्था, तिथल्या लोकांनी तेच औषध नुसतं द्रावणात न टाकता प्लास्टिकच्या तळाला चिकटवून त्यावर माणसाचे सेल सोडले, आणि सेल भडकले. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या सेलसोबत ठेवले तरी भडकले. माकडाचे सेल मात्र तसं करूनही शांत राहिले.

का? २०१० मध्ये याचं उत्तर छापून आलं. माणसाच्या इफेक्टर मेमरी सीडी४ टी सेलवर (आधीच्या इन्फेक्शनची आठवण ठेवून लगेच कामाला लागणारे सेल) सीडी२८ असतं, मकाकच्या त्याच सेलवर ते नसतं. आता हे नीट बघा. रिसेप्टरची रचना तपासली होती, सारखीच होती. औषध चिकटतं का तपासलं होतं, चिकटत होतं. पण ज्या सेलने सायटोकाइनचा पूर सोडायचा त्या सेलवर माकडात तो रिसेप्टरच नव्हता, आणि हे तपासायचं डोक्यात आलं नाही. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेल्या रॅटमध्येही असे मेमरी सेल फारच कमी, कारण त्यांनी आयुष्यात इन्फेक्शनच पाहिलेलं नसतं, आणि पंचविशीच्या माणसाच्या अंगात सर्दी-तापाच्या कित्येक वर्षांच्या आठवणी सेलच्या रूपाने असतात.

काचेच्या नळीने फसवलं त्याचंही कारण ह्यूनिग यांच्याच गटाने २०११ मध्ये दाखवलं. रक्तात फिरणारे टी सेल शेजाऱ्यांच्या सततच्या स्पर्शापासून तुटलेले असतात, त्यामुळे ते थोडे बधिर होतात. तेच सेल दोन दिवस दाटीवाटीने वाढवले आणि मग विरघळलेलं औषध टाकलं की ते पूर्ण जोराने उत्तर देतात. ज्या माणसाची कल्पना होती त्याच्याच प्रयोगशाळेने ती कुठे चुकली हे शोधून छापलं, याचा मला फार आदर वाटतो.

औषधाचं पुढे काय झालं

बहुतेक लोकांना वाटतं की टीजीएन१४१२ त्या दिवशी संपलं. नाही संपलं. एका रशियन कंपनीने तेच औषध टीएबी०८ या नावाने पुन्हा घेतलं आणि निरोगी माणसांतच चाचणी केली, पण पहिला डोस किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम. लंडनमध्ये दिलेल्याच्या हजारावा भाग. वरचंच गणित केलं तर या डोसला एक टक्क्याच्या आसपास रिसेप्टर भरतात. तिथून हळूहळू वर जात किलोमागे ७ मायक्रोग्रॅमपर्यंत गेले, सायटोकाइनचा पूर आला नाही, आणि रक्तात इंटरल्युकिन-१० वाढलं, जे रेग्युलेटरी टी सेल जागे झाल्याचं लक्षण आहे. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणजे वुर्झबुर्गमध्ये रॅटमध्ये जे दिसलं होतं ते माणसात खरंच होतं. आवरणारे सेल कमी डोसला जागे होतात, भडकणारे जास्त डोसला. लंडनमध्ये पहिल्याच दिवशी आवरणाऱ्यांची पायरी ओलांडून थेट भडकणाऱ्यांच्या वर उडी पडली होती. हे वाचलं की मला खरंच वाईट वाटतं, त्या सहा जणांसाठी तर आहेच, पण एवढं चांगलं जीवशास्त्र एका भागाकारापायी कित्येक वर्षं मागे पडलं यासाठीही.

नियमांत बदल झाले. युरोपची पहिल्या मानवी चाचणीची मार्गदर्शक तत्त्वं २००७ मध्ये लागू झाली, त्यात एमएबीईएल आलं, आणि पहिल्या डोसला माणसांमध्ये पुरेसं अंतर ठेवायचं हेही आलं. २०१६ मध्ये फ्रान्समध्ये रेन इथे एका वेगळ्या औषधाच्या चाचणीत एक स्वयंसेवक गेला, ते अँटीबॉडी नव्हतं, छोटा रेणू होता, आणि त्यानंतर २०१७ मध्ये ही तत्त्वं अजून कडक केली.

आपल्या जवळचं सांगायचं तर दुसऱ्या सिग्नलचं हेच ज्ञान आज कार-टी या कॅन्सरच्या उपचारात वापरलं जातं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून निघालेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी सेलमध्ये बनावट रिसेप्टर बसवतात, आणि त्या रिसेप्टरच्या आतल्या बाजूला पहिल्या सिग्नलचा तुकडा आणि दुसऱ्या सिग्नलचा तुकडा एकत्र जोडलेले असतात. काही परदेशी कार-टी मध्ये हा दुसरा तुकडा सीडी२८ चा असतो, नेक्सकार१९ मध्ये ४-१बीबी नावाच्या रिसेप्टरचा आहे. इथेही सायटोकाइन सुटतात, पण इथे डॉक्टर आधीपासून तयार असतात, टोसिलिझुमाब हाताशी ठेवूनच सुरुवात होते.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त बदल म्हणजे वेळ. एका माणसाला द्या, दिवसभर थांबा, मग दुसऱ्याला. याला नवीन विज्ञान लागत नाही, एक जास्तीचा दिवस लागतो. एवढं केलं असतं तर आजारी एकच माणूस पडला असता, आणि त्याच्याकडे सहापट डॉक्टरांचं लक्ष असतं. औषध काही मिनिटांत न सोडता काही तासांत थेंब थेंब सोडलं असतं तर मध्येच बंदही करता आलं असतं.

दुसरं म्हणजे दोन्ही रस्त्यांनी डोस काढून दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी लिहायला हवे होते. एक आकडा म्हणतो १.६ मिलिग्रॅम, दुसरा म्हणतो ०.००१, या दोघांत हजारपटीचा फरक दिसला की कुणीही विचारेल की यातला कोण खोटं बोलतोय. ०.१ हा आकडा एकट्याने बघितला की सावध वाटतो, शेजारी दुसरा असता तर तो वाटला नसता.

तिसरं जरा अवघड आहे. प्राणी योग्य आहे का हे ठरवताना रिसेप्टरची रचना आणि औषधाची पकड एवढ्यावर थांबायचं नाही, कुठल्या कुठल्या सेलवर तो रिसेप्टर आहे आणि तिथून सिग्नल पुढे जातो का, हे माणूस आणि प्राणी दोन्हीत सेलच्या प्रकारानुसार बघायचं. आज फ्लो सायटोमीटर (एकेका सेलवर कुठला रिसेप्टर आहे ते मोजणारं यंत्र) चांगल्या प्रयोगशाळेत सगळीकडे आहे, २००६ मध्येही होता. मकाकचं थोडं रक्त, मेमरी सेलचे मार्कर आणि सीडी२८ चा रंग, एवढं काम.

आणि एक गोष्ट अजूनही सुटलेली नाही. समजा हे सगळं तपासलं आणि उत्तर आलं की या औषधासाठी एकही प्राणी योग्य नाही, मग काय? माणसाची प्रतिकारशक्ती बसवलेले उंदीर आहेत पण त्यांच्यातही सगळे सेल नीट बनत नाहीत, दाटीवाटीने वाढवलेले रक्ताचे सेल सायटोकाइनचा अंदाज देतात पण फुप्फुस, किडनी, बीपी यांचं काही सांगत नाहीत. माझं मत विचाराल तर अशा वेळी माकडांवर उगाच चार आठवड्यांची चाचणी करून फाइल जाड करू नये, कारण त्या जाड फाइलने समोरच्याला खोटा धीर येतो. त्याऐवजी माणसाच्या सेलवरचे तीन-चार वेगवेगळे प्रयोग, त्यातला सगळ्यात वाईट आकडा धरून काढलेला डोस, एका वेळी एकच माणूस, आणि शक्यतो असा रुग्ण ज्याला औषध लागू पडलं तर काही मिळणार आहे.